टर्कीच्या शिकारीचं म्हणून विकतात ते ५८ इंची रिकर्व (टोकं पुढे वळलेलं धनुष्य): वरूडकडच्या संत्र्याच्या बगीच्यात वापरून कसं वाटलं

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. जंगली टर्की आपल्याकडे नाही, तो उत्तर अमेरिकेतला पक्षी, आपल्याकडे जे टर्की दिसतात ते पोल्ट्रीवाल्यांनी पाळलेले. आणि धनुष्य म्हटलं की गावात ज्याला त्याला एकच प्रश्न असतो, "डुक्कर मरते का बे यानं?" तर त्याचंही उत्तर घ्या, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, तित्तिर, लावा, ससा, मोर, कशाच्याही मागे हे घेऊन जायचं नाही, डुकराच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे रीतसर अर्ज करायचा. हे धनुष्य आपल्यासाठी फक्त निशाणा मारायचं सामान आहे, आणि रिव्ह्यू त्याच हिशोबानं वाचा.

मग टर्कीवालं काहून घेतलं? माझा आतेभाऊ, आमचा दादा, अमेरिकेतल्या मिसुरीत असतो, तो तिथल्या दोस्तांसोबत जुन्या पद्धतीच्या धनुष्यानं टर्कीच्या मागे जातो, एप्रिल आला की दादाच्या फोनवर दुसरा विषयच नसतो आणि मी इकडे संत्र्याला पाणी देता देता ऐकत राहतो. नागपूरच्या एका स्पोर्ट्सच्या दुकानात हे टेकडाऊन, म्हणजे भाग सुटे करता येतात असं, रिकर्व दिसलं, खोक्यावर पिसारा फुलवलेल्या टर्कीचं चित्र, ४५ पाउंड, सहा तीर सोबत, साडेचौदा हजार. दादाला फोटो पाठवला तर म्हणे घे, लाकूड चांगलं दिसून राहिलं.

लाकूड खरंच चांगलं आहे. मधला रायझर, म्हणजे मुठीचा भाग, दोन रंगांच्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेला, मूठ हातात बरोबर बसते, कोपरे घासलेले आहेत. वरखालचे लिंब्स, म्हणजे वाकणारे हात, लाकूड आणि फायबरग्लासच्या थरांचे, एकेका बोल्टनं हातानंच बसतात, पाना लागत नाही. वरचं पॉलिश मॅट आहे, उन्हात चमकत नाही. दुकानात मला वाटलं फिनिशिंगमध्ये कंजुषी केली, पण दादा म्हणाला टर्कीसाठी ते मुद्दाम करतात. त्या पक्ष्याचं नाक कमजोर, पण डोळे असे की डोकं न फिरवताही जवळपास २७० अंशांत त्याला दिसते, रंगही दिसतात, आणि जरासं काही हललं की तो पळालाच. म्हणून शिकारी पार तोंडापर्यंत झाकून बसतात. त्यातही लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर ठेवत नाहीत, कारण नराच्या डोक्या-मानेवर तेच रंग असतात आणि दुसरा एखादा शिकारी तुम्हालाच टर्की समजायचा.

धनुष्य आखूड असण्याचंही कारण तेच. तिकडे जमिनीवर छोटा तंबू लावून आत स्टुलावर बसतात, समोर पंधरा-वीस पावलांवर नकली मादी ठेवतात आणि मादीचा आवाज काढून नराला बोलवतात, आता त्या तंबूत ६८ इंची लाँगबो (जुन्या घाटाचं लांब धनुष्य) ओढायला गेलं की वरचं टोक छताला लागते. ५८ इंचात ते काम होते. पण आपल्याला तंबूत बसायचं आहे का? नाही. मग आखुडपणाचा तोटा तेवढा आपल्या वाट्याला येतो, म्हणजे पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन लहान होतो आणि बोटं चिमटल्यासारखी होतात, शेवटच्या दोन इंचांत एकदम जड लागते. हात लांब असतील तर ६२ नाहीतर ६४ इंचीच घ्या, दुकानवाला काहीही म्हणो.

आता वजनाचं. हा मुद्दा लोकांना सगळ्यात कमी समजतो म्हणून जरा पसरून लिहितो. ४५ पाउंड म्हणजे दोरी ओढून धरायला लागणारा जोर, तो २८ इंच ओढल्यावर मोजलेला असते, माझी ओढ साडेसव्वीस इंच भरते आणि इंचामागे अडीच-तीन पाउंड कमी होतात, म्हणजे माझ्या बोटांवर चाळीस-एकेचाळीसच येतात. तेही कमी नाहीत राजेहो. कंपाउंड धनुष्याला चाकं असतात, पूर्ण ओढलं की तीन चतुर्थांशाहून जास्त वजन चाक खाऊन टाकते, माणूस आरामात धरून बसू शकते. आपला नागपूरचा ओजस देवतळे, बुलढाण्याचा प्रथमेश जावकर, हे सगळे कंपाउंडवाले (ओजस २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हापासून आमच्या तालुक्यातही पोट्टे धनुष्य मागून राहिले). रिकर्वमध्ये ती सोय नाही, जेवढं ओढलं तेवढं सगळं तुमच्या तीन बोटांवर आणि पाठीवर. टर्कीवाल्याची खरी पंचाईत हीच आहे, पक्षी समोर उभा असताना ओढलं तर तो हात हललेला पाहतो, आणि आधीच ओढून ठेवलं तर धरवत नाही. म्हणून तो वाट पाहत बसतो, नरानं पिसारा फुलवला आणि पाठ फिरवली किंवा डोकं झाडाच्या बुंध्यामागे गेलं की त्या तेवढ्या वेळात ओढायचं आणि सोडायचं.

सांगायचा मतलब, ४५ पाउंड हा आकडा त्यांच्या कामाचा आहे. सहा-आठ-दहा किलोचा दणकट पक्षी, त्यात तीर खोल जायला पाहिजे. कुटाराच्या पोत्यात तीर घुसायला एवढं जोर कशाला लागते? शिकणाऱ्यानं पंचवीस-तीस पाउंडच घ्यावं. माझ्या धाकट्या भावानं, जो कापसाचं बोद एकटा उचलते, हे ओढलं तर चौथ्या-पाचव्या तीराला हात थरथरायला लागला आणि ओढ पूर्ण व्हायच्या आधीच सुटायला लागली, मग तीर कुठेही. ताकदीचा प्रश्नच नाही तो, हे पाठीचे वेगळे स्नायू आहेत, ते हळूहळू तयार होतात. दुकानात मात्र पहिलंवहिलं धनुष्य घेणाऱ्यालाही बिनधास्त ४५ देऊन राहिले.

खरी गडबड सोबतच्या तीरांत आहे, एक स्टार मी तिथेच कापला. रायझरला तीर ठेवायला वेगळं काही नाही, लाकडाच्या कट्ट्यावरच ठेवून मारायचा, जुनी पद्धत तीच. आणि सोबत दिलेल्या कार्बन तीरांना मागे प्लास्टिकची पाती! प्लास्टिक दबत नाही, कट्ट्याला घासून जाताना तीराला धक्का देते आणि तीर शेपूट हलवतच निघतो. इथे पीसच लागते, ते लाकडाला टेकलं की दबते आणि पुढे गेलं की परत उभं होते. गंमत म्हणजे जुन्या पद्धतीचे तीर बनवणारे जगभर जे पीस वापरतात ते बहुतेक टर्कीच्याच पंखाचं असते. खोक्यावर टर्की छापला आणि जिथे त्याचं पीस पाहिजे तिथे प्लास्टिक लावलं, आता काय बोलाव!

त्यातून तीर होते ३४० स्पाइनचे, म्हणजे भलतेच कडक (स्पाइन म्हणजे तीर किती वाकते त्याचा आकडा, आकडा लहान तेवढा तीर कडक). उजव्या हातानं मारणाऱ्याचा फार कडक तीर डावीकडे जातो, तसाच जात होता, आणि त्यातल्या एकानं पोतं सोडून ठिबकची लॅटरल फोडली. मूठ बदल, बोटं बदल, काहीच फरक नाही. दुकानात फोन लावला तर "भाऊ, सगळे हेच नेतात, कोणाची कम्प्लेंट नाही." शेवटी ५०० स्पाइनचे तीर वेगळे घेतले, दादानं पीसं पाठवली, ती घरी चिकटवली आणि पहिल्याच दिवशी तीर मधोमध बसायला लागले. तुम्ही घरी चिकटवणार असाल तर एका तीराला तिन्ही पीसं एकाच बाजूच्या पंखाची पाहिजेत, डावं-उजवं मिसळलं की फिरकी बिघडते. वेगळ्या रंगाचं जे एक पीस असते ते रायझरच्या उलट बाजूला ठेवायचं.

दोरीबद्दल. पेटीतून काढून चढवलं तर मुठीच्या खोलगट जागेपासून दोरीपर्यंत सात इंचही भरत नव्हतं, कागदावर साडेसात ते सव्वाआठ लिहिलेलं. सोडलं की टण्ण आवाज, हाताला झटका, वर दोरी मनगटावर बसली ते वेगळंच. दोरी काढून पीळ वाढवले, पावणेआठवर आणली, आवाज अर्धा झाला. मग आईच्या जुन्या स्वेटरची लोकर घेऊन दोन गोंडे दोरीला बांधले, आता ढप् असा दबका आवाज येते. तिकडे टर्कीवाले हेच करतात, विकतचे गोंडेही मिळतात, पण लोकरीला काय झालं! दोरी चढवायची कॉर्ड खोक्यात नव्हती, ती वेगळी घ्याच, पायात अडकवून चढवलं तर लिंब पिळला जाते आणि एकदा पिळला की गेलं. बोटांचा चामडी टॅबही नव्हता, तालुक्याच्या चप्पल शिवणाऱ्या काकांनी नमुना पाहून शिवून दिला, तो विकतच्यापेक्षा बरा आहे.

निशाणा लागतो कसा? टर्कीच्या अंगात तीर जिथे लागायला पाहिजे ती जागा म्हणे फार लहान असते, बाकी सगळा पिसांचा फुगारा, दादाच्या भाषेत एका संत्र्याएवढी. आमच्याकडे संत्र्याला तोटा नाही, आंबिया बहाराची गळ झाली की झाडाखाली सडाच पडते. बंडीवर कुटाराची पोती रचली, मागे उंच धुरा, आणि पोत्याला सुतळीनं गळालेली संत्री बांधून पंधरा पावलांवरून सुरुवात केली. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नाही, डोळे नुसते संत्र्यावर ठेवायचे, तिन्ही बोटं तीराच्या खाली धरून मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकलं की सोडायचं. पंधरा पावलांवर धनुष्य काम करते, तीर सरळ आणि झपकन जातो. वीसच्या पुढे माझा खेळ संपते, आणि दादाच्या टोळीतले अनुभवी लोकही टर्कीवर वीस यार्डांच्या पुढे तीर सोडत नाहीत म्हणे, पक्षी जखमी होऊन झुडपात गेला तर सापडत नाही म्हणून.

एक मात्र आहे, संत्र्यातून आरपार गेलेल्या तीराची पीसं रसानं चिपकून बसतात. पाण्यानं धुवायची, झटकायची, आणि चहाचं पातेलं उकळत असलं की वाफेवर तीर फिरवायचा, पीसं पुन्हा फुलून येतात. घरच्या लोकांना ते पाहवत नाही ("चाहात पाखराचे पंख शिजवून राह्यला का रे?") पण उपाय पक्का आहे.

आपल्या उन्हाचं कुठल्याच रिव्ह्यूमध्ये सापडणार नाही म्हणून लिहितो. लिंब्स थरांचे आहेत, गोंदानं चिकटवलेले, मे महिन्यात बंद गाडीत किंवा टिनाच्या कोठ्यात ठेवले तर थर सुटू शकतात. घरात, दोरी उतरवून, आडवं ठेवा. दोरीला मधूनमधून मेण. तीर न लावता ओढून सोडायचं तर अजिबात नाही, पाहुणे आले की पहिलं तेच करतात, त्यांच्या हातात द्यायच्या आधीच सांगा. कार्बनचा तीर दर वेळी हलका वाकवून कान लावा, कर्रकर्र वाजला तर मोडून फेका, हातात घुसण्यापेक्षा बरं.

दुकानवाल्यानं टर्कीवाले म्हणून रुंद पात्याचे धारदार टोकही दाखवले. ते घेऊ नका, पोती फाटतात, आणि आमच्यासारखं जंगल जवळ असेल तर फॉरेस्टवाल्यांनी थांबवल्यावर काय सांगणार? साधे गोल टोक बस झाले. मी तर धनुष्य घराबाहेर काढलं की बॅगेतच ठेवतो. तसं पाहिलं तर तिकडे शिकार चालू असूनही टर्की वाढला, मागच्या शतकाच्या सुरुवातीला तो बऱ्याच राज्यांतून संपत आला होता, मग जाळ्यानं पकडून नवीन जंगलात सोडले, आणि बंदुका-काडतुसांवरच्या टॅक्सचा पैसा १९३७ च्या कायद्यानं वन्यजीवांच्या कामाला लावला. धनुष्यबाणही त्या टॅक्सखाली आणले ते १९७२ मध्ये, नेमका आपला बंदीचा कायदा आला त्याच वर्षी. त्यांचा हिशोब त्यांच्यापाशी, आपल्याकडे उरलेत किती आणि मारणारे किती, ते पाहता बंदी आहे तेच बरं.

पैसे कमी असतील तर बांबूचं धनुष्य पाहा, शाळेतली पोरं इंडियन राउंडला (आपल्याकडच्या स्पर्धांतला साध्या धनुष्याचा प्रकार) तेच वापरतात, आणि मेळघाट, गडचिरोलीकडे हातानं करणारे कारागीर अजून आहेत. मी एक ओढून पाहिलं, झटका जास्त आहे, एकसारखं वागत नाही, पण शिकायला वाईट नाही आणि मोडलं तर जीव जळत नाही.

तर धनुष्याला चार स्टार, तीरांना एक, दुकानाला दोन. घेणारच असाल तर तीर वगळून किंमत पाडून मागा, आणि तीस पाउंडाचे लिंब्स त्याच रायझरला बसतात का ते पैसे द्यायच्या आधी लावून दाखवायला सांगा. माझ्यासाठी त्यानं ते मागवले आहेत, पाच हजार सांगितले, दिवाळीपर्यंत येते म्हणे, बिल मात्र आताच फाडून राहिला होता, मी म्हटलं आधी माल येऊ दे बाप्पा.