जॉर्जेट हेयर : आठ महिने, चौदा पुस्तकं

गेल्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या खोलीत रात्री जागायला काहीतरी हलकं हवं होतं, तेव्हा मैत्रिणीने फोनवर जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेचं 'फ्रेडरिका' टाकून दिलं. "डोक्याला ताप नाही, वाच," एवढंच म्हणाली. मी मुळात प्रेमकथा वाचणारी बाई नाही. कॉलेजात असताना मिल्स अँड बूनची दोन पुस्तकं कशीबशी संपवली आणि तिसरं अर्ध्यात टाकलं. इथे मात्र तिसऱ्या रात्री इतकी हसले की नर्सबाई आत डोकावून गेल्या.

हसायचं कारण एक कुत्रा. फ्रेडरिकाच्या घरचा हा दांडगोबा लंडनच्या ग्रीन पार्कात गाईंच्या मागे लागतो, रखवालदार खवळतात, आणि ही बाई बिनदिक्कत ठोकून देते की हा ऐरागैरा कुत्रा नव्हे, मार्क्विस ऑफ अल्व्हरस्टोक या बड्या उमरावाचा अस्सल जातिवंत कुत्रा आहे. मग वरात थेट मार्क्विसच्या दारात! हा मार्क्विस सदतिशीतला, गडगंज, सगळ्याला विटलेला. तो पुढे फ्रेडरिकाच्या प्रेमात पडणार हे पहिल्या भेटीतच कळतं. पण पडतो कसा, तर तिच्या बारा वर्षांच्या यंत्रवेड्या भावाला कारखाना दाखवायला नेता नेता. चांदणं नाही, गुलाब नाहीत. घरातली पोरं, त्यांचे उपद्व्याप, कुणाच्या आजारपणात कोण धावून आलं, यातून माणसं जवळ येतात. चुंबन आलंच तर शेवटच्या एक-दोन पानांत, तेही घाईघाईने.

हेयरबाईंचा जन्म १९०२ सालचा, लंडनजवळच्या विम्बल्डनचा. आजारी धाकट्या भावाचं मन रमावं म्हणून रचलेली गोष्ट १९२१ साली 'द ब्लॅक मॉथ' नावाने छापली गेली, तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. १९२६ साली 'दीज ओल्ड शेड्स' आलं ते इंग्लंडमधल्या सार्वत्रिक संपाच्या काळात. वर्तमानपत्रं धड निघत नव्हती, परीक्षणं-जाहिराती जवळपास नाहीतच, तरी पुस्तक धो धो खपलं. त्यावरून बाईंनी ठरवलं, प्रसिद्धीची गरज नाही. १९७४ साली गेल्या, तोवर एकही मुलाखत दिली नाही. हल्ली लेखक पुस्तक येण्याआधीच रील टाकतात, त्या पार्श्वभूमीवर मला हे फार आवडलं.

त्यांची बहुतेक गाजलेली पुस्तकं रीजन्सी काळातली. म्हणजे १८११ ते १८२०, राजा तिसरा जॉर्ज वेडा झालेला आणि राज्य मुलगा बघतोय. ऑलमॅक्स नावाच्या लंडनच्या बड्या नाचघरात पोरी नाचतायत, अंगावर हिंदुस्थानी मलमल. इकडे त्याच दशकात, १८१८ साली, पेशवाई बुडाली. 'ब्लॅक शीप'चा नायक तर हिंदुस्थानातून बख्खळ पैसा करून परतलेला. तो पैसा नेमका कुणाच्या खिशातून आला, हे लेखिकेला सांगावंसं वाटत नाही. नायक मला आवडला, पण हा प्रश्न काही पुस्तकभर डोक्यातून गेला नाही.

भाषेचं आधीच सांगून ठेवते, पहिली पन्नास पानं जड जातात. फोनमधला शब्दकोश इथे कामाचा नाही. 'ब्लंट' म्हणजे पैसा, 'फॉक्स्ड' म्हणजे प्यायलेला, लग्न न झालेली मोठी बाई म्हणजे 'एप-लीडर', कारण अशा बायका मेल्यावर नरकात माकडं घेऊन हिंडतात म्हणे! एका ठिकाणी नायकाच्या गाडीमागे 'टायगर' उभा राहतो. मी दोन पानं खरा वाघ धरून चालले होते. तो गाडीमागे उभा राहणारा पोऱ्या निघाला. तिसऱ्या पुस्तकापासून मात्र अर्थ संदर्भानेच लागायला लागतो.

आता माझं सगळ्यात लाडकं पुस्तक, 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट', १९६१ सालचं. हेयरच्या अनेक चाहत्या यावर खट्टू असतात, यात रोमान्सच नाही म्हणतात. बाप वारतो म्हणून अॅडम युद्धावरून परततो, तर घर कर्जात बुडालेलं. प्रेम एका देखण्या ज्यूलियावर, पण घर वाचवायचं म्हणून लग्न करतो एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलीशी. जेनी ठेंगणी, गुबगुबीत, दिसायला साधी, आणि ज्यूलियाचीच मैत्रीण. सासरा जीव लावणारा, पण हौस अशी की लंडनच्या घरात मगरीच्या पायांचा सोफा आणून ठेवतो. वॉटर्लूच्या लढाईच्या वेळी सगळे घाबरून सरकारी रोखे विकत असताना सासरा म्हणतो विक, आणि जावई उलट विकत घेतो. मी ती पानं प्रेमप्रसंगापेक्षा जास्त धडधडत वाचली.

यात रोमान्स नाही असं मला एकदाही वाटलं नाही. माझ्या आईने बाबांना लग्नाआधी एकदाच पाहिलं होतं, तेही चहाचा ट्रे हातात घेऊन. मावशीचं तर फोटोवरून ठरलं. लग्न आधी आणि माणूस नंतर कळणं, हे आपल्याकडे दर दुसऱ्या घरात झालेलं आहे. जेनी नवऱ्याला काय लागतं, काय खपत नाही हे न बोलता टिपत राहते, आणि त्याला बऱ्याच उशिरा उमगतं की आपल्याला घरी यावंसं वाटतं ते कुणामुळे. असल्या गोष्टी मी लग्नाघरी पापड लाटता लाटता ऐकल्यात.

तक्रारीही आहेत, आणि बारीकसारीक नाहीत. 'द ग्रँड सोफी' इतकं मजेदार पुस्तक, पण मध्येच एक ज्यू सावकार येतो, मळका, लोभी, ओंगळ. पुस्तक १९५० सालचं. हिटलरच्या छळछावण्या जगाला दिसून पाच वर्षं झाली होती, तरी हे लिहिलं. तो प्रसंग मी दुसऱ्यांदा वाचलेला नाही. (सोफी शेवटी आतेभावाशी लग्न करते, यावर तिकडचे आजचे वाचक नाक मुरडतात. आपल्याकडे मामाची मुलगी हक्काची, त्यामुळे मला काही वाटलं नाही!) 'दीज ओल्ड शेड्स'मध्ये जन्मताच बदललेली दोन मुलं आहेत. उमरावाच्या घरी वाढलेल्या शेतकऱ्याच्या पोराला शेतीचीच ओढ, आणि गरिबीत वाढलेल्या मुलीत खानदानी रक्त उसळतं. हे रक्ताचं शास्त्र आपण कुठल्या नावाखाली ऐकत आलोय ते सांगायला नको.

'फ्रायडेज चाइल्ड'बद्दल मात्र एक गोष्ट वाचली ती विसरत नाही. रोमानियातल्या एका राजकीय कैदी बाईने हेयरला पत्र लिहिलं होतं. तुरुंगात बारा वर्षं हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून तिने स्वतःला आणि सोबतिणींना सावरलं होतं.

मीही तेच केलं, फार छोट्या प्रमाणावर. आईचे व्यायाम चालू होते तेव्हा तिचं दुखण्यावरचं लक्ष उडावं म्हणून रोज संध्याकाळी 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' मराठीत सांगायचे. मगरीचा सोफा तिला फार आवडला. गोष्ट संपली तेव्हा गुडघा हळूहळू दुमडत म्हणाली, "त्याला काय आवडतं ते सगळं तिला माहीत. तिला काय आवडतं, हे त्याने कधी विचारलं का गं?"

मी म्हटलं, बघून सांगते.

वाचायला घेणार असाल तर 'फ्रेडरिका' किंवा 'कोटिलियन'पासून घ्या. 'दीज ओल्ड शेड्स'ने सुरुवात करू नका. ऐकायचं असेल तर 'सिल्व्हेस्टर' आणि 'व्हेनिशिया' रिचर्ड आर्मिटेजच्या आवाजात आहेत. आवाज झकास, पण कापलेली आवृत्ती, आणि हेयरमध्ये कापली जाते ती नेमकी गंमतच. माझं सध्या 'ब्लॅक शीप' दुसऱ्यांदा चालू आहे. आईला त्यातला हिंदुस्थानचा पैसा कसा सांगायचा, ते अजून ठरलेलं नाही.