पीसीपी एअर रायफल, आठ महिने: एका छर्‍यामागे किती पंप?

रात्री पावणेबाराला कपाटातून स्स्स असा आवाज आला. बायकोला वाटलं गॅस. मी शेगडी, रेग्युलेटर, पाइप सगळं हुंगून आलो आणि मग कपाट उघडलं. संध्याकाळी घाम गाळून 200 बार दाबाने हवा भरलेली रायफल. सकाळी काटा 90 वर.

रायफल कुठली ते सांगत नाही. देशी बनावटीची, 4.5 मिलिमीटरची पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर छर्रा सोडणारी. नळीखाली हवेचं सिलिंडर, दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर नाही. बाकी माहिती सगळ्यांना तोंडपाठ असते. खटका बरा, लाकूड सुंदर, सेफ्टी जरा कडक. पुढे.

माझा खरा विषय पंप. कंप्रेसरला पैसे घालवायचे नाहीत म्हणून हातपंप घेतला. 130 वरून 200 बारला नेताना माझे नव्वद पंप लागतात, तेही तीस-तीसच्या तीन हप्त्यांत, कारण मधे थांबलं नाही तर पंप हात लावू देत नाही इतका तापतो. एका भरणीत चाळीस छर्रे. म्हणजे छर्‍यामागे सव्वादोन पंप. हा हिशोब मी वहीत लिहितो. हसायचं असेल तर हसा, पण वर्तकनगरला चौथ्या मजल्यावर मे महिन्यात नव्वद पंप मारून बघा आधी. खालचे काका एकदा विचारून गेले, "सायकलचं दुकान काढलंत काय?"

पहिले चार महिने मी खूश होतो. क्लबच्या क्रोनोग्राफवर वेग सेकंदाला 240 मीटर, छर्रा 0.53 ग्रॅमचा, म्हणजे सव्वापंधरा जूल. शहापूरच्या वाडीवर मातीच्या ढिगासमोर 25 मीटरवर पाच छर्रे दहाच्या नाण्याखाली झाकले जात. इथवरचं लिहून ठेवलं होतं, वर पाच तारेही दिले होते. त्यातले दीड आता परत घेतोय.

कारण मला खाज सुटली. वागळे इस्टेटमधला एक लेथवाला "व्हॉल्व्ह मोकळा करून देतो, डबल पॉवर" म्हणाला. अठराशे रुपये. क्लबच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "दहा मीटरच्या स्पर्धेतली रायफल आठेक जूलची असते. बिंद्राने 2008 ला बीजिंगला सुवर्ण मारलं ते याच प्रकारात. तुला कशाला हवीय पॉवर?" मला उत्तर सुचलं नाही, तरी गेलो.

वेग 281 आला. मी तिथेच नाचलो. सरांनी मोबाइलवर गुणाकार केला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली: 20.9 जूल. आपल्याकडे विनापरवाना एअर गनची मर्यादा 20 जूल. या छर्‍याला ती साधारण 275 मीटरलाच गाठते. म्हणजे अठराशे रुपये मोजून मी स्वतःला परवाना लागणार्‍यांच्या रांगेत नेऊन उभं केलं होतं. "हे पूर्ववत झाल्याशिवाय रेंजवर आणायचं नाही," सर म्हणाले. आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

तोवर वहीतला हिशोबही कोसळला होता. तेवढ्याच नव्वद पंपांत अठराच छर्रे. छर्‍यामागे पाच पंप! ताकद वाढली 37 टक्के, हवा गेली दुपटीहून जास्त. हे असं का, ते सरांनी समजावलं. खटका ओढला की हॅमर व्हॉल्व्हच्या दांड्यावर आदळतो तेव्हा व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, आणि सिलिंडरमधला दाबच त्याला परत मिटवतो. दाब जास्त तर व्हॉल्व्ह पटकन मिटतो, दाब उतरला की जरा जास्त वेळ उघडा राहतो. या ओढाताणीतूनच रेग्युलेटर नसतानाही मधले बरेच छर्रे जवळपास एका वेगाने जातात. ती ओढाताण बिघडवली की हवा भसाभसा जाते आणि वेग छर्‍यागणिक घसरतो. वाडीवर नाण्याखाली झाकला जाणारा पाच छर्‍यांचा गट पुरीएवढा झाला होता, तो त्यामुळेच.

आणि मग तो स्स्स.

कंपनीला फोन केला. आधी गोड बोलले, फोटो मागितले, फोटो बघून "मॉडिफाय केलंय, वॉरंटी संपली" म्हणून मोकळे. मी वीस मिनिटं वाद घातला, पण मनातून त्यांचं बरोबर होतं. लेथवाला म्हणाला, "पावसाळ्यात असं होतंच." हे मात्र मला निव्वळ पळवाट वाटलं.

क्लबमधल्या जाणत्याने सिलिंडर पूर्ण रिकामं करून रायफल खोलली. व्हॉल्व्हच्या बैठकीवर लेथचा केसाएवढा ओरखडा. पण आत पाण्याचे थेंबही होते, टिचकीने उडवावेत असे. जुलैतली ठाण्याची हवा दोनशे पट दाबून भरली तर पाणी दुसरं कुठे जाणार? लेथवाल्याला तेवढ्यापुरती माफी. अठराशेची नाही.

कंपनीकडूनच नवीन बैठक, हवा अडवणार्‍या रबरी ओ-रिंगा आणि मूळची स्प्रिंग मागवली, साडेसहाशे. आता वेग 238, रेंजवर पुन्हा प्रवेश आणि चाळिसाला एक कमी, एकोणचाळीस छर्रे. पंपाला सिलिका जेलची नळी जोडली आहे. निळे मणी चार दिवसांत गुलाबी होतात, मग स्वयंपाकातून बाद झालेल्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करायचे. बायको म्हणते आता गॅसचाही हिशोब वहीत लिही.

साडेतीन तारे. अर्धा पंपासाठी कापलाय.