उपवासाच्या मिक्सरला लसणाचा वास : ऑनलाइन घेतलेल्या 'नव्या' वस्तूची परतपाठवणी

सांगलीत गेली अकरा वर्षं मी घरून फराळाचे पदार्थ करून देते. आषाढी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे माझे धावपळीचे दिवस. माझ्या स्वयंपाकघरात म्हणूनच दोन मिक्सर असतात. एकात घरातलं रोजचं वाटण, दुसऱ्यात फक्त उपवासाचं. त्या दुसऱ्याच्या भांड्यांना कांदा, लसूण, हळद, हिंग कधी लागलेलं नाही. माझ्याकडून दाण्याची चटणी नेणाऱ्या कितीतरी आज्या फोनवर आधी तेच विचारतात, "वेगळ्या भांड्यात करतेस ना गं?" मी हो म्हणते, आणि ते खरं असतं. हा मिक्सर घेण्याची, परत करण्याची आणि त्यासाठी एवढं भांडण्याची सगळी कहाणी या एका 'हो'पायी झाली.

२०२५ च्या जूनमध्ये उपवासाचा जुना मिक्सर जळाला. मोटरमधलं आर्मेचर गेलं, आता त्यात पैसे घालू नका, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. ६ जुलैला आषाढी होती आणि वहीत चटणीच्या चाळीस पाकिटांच्या ऑर्डरी लिहिलेल्या होत्या. दुकानात जायला सवड नव्हती म्हणून १८ जूनला रात्री एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून मिक्सर मागवला. ७५० वॅट, तीन भांडी, ३,४९९ रुपये, पैसे यूपीआयने लगेच भरले. शनिवारी, २१ तारखेला, दुपारी खोकं दारात आलं. लवकर आलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

खोक्यावरची पट्टी मी कात्रीने कापली तेव्हा तिच्याखाली दुसरी पट्टी निघाली. ती आधीच फाटलेली होती आणि तिच्याबरोबर पुठ्ठ्याचा वरचा कागदही सोलून निघाला होता. वायरला नव्या वस्तूला असते तशी प्लॅस्टिक वेढलेली तार नव्हती, साधं रबरबँड होतं. तरी मी मनाला समजावलं की असेल बुवा, गोदामात खोकं बदललं असेल. मग चटणीचं भांडं हातात घेतलं.

वरून ते लखलखीत होतं, कुणीतरी पुसलेलं असणार. पण पात्यांच्या खाली, जिथे बोट जात नाही तिथे, बुडाशी पिवळट कड दिसली. मी केसातली पिन काढून ती खरवडली. पिनेच्या टोकाला हळदीचा चिकट थर आला, त्यात दाण्याचं लाल साल आणि मोहरीचा अर्धा दाणा. खिडकीपाशी उजेडात धरलं तर पात्याच्या मागे कढीपत्त्याचा काळा पडलेला तुकडा अडकलेला. झाकणातलं रबर नखाने उचललं आणि नाकाशी नेलं. लसूण. वाळलेला, शिळा लसूण. भांडं घासलं तरी रबरातून जात नाही तो वास. मिक्सरच्या बुडाच्या चार रबरी पायांपैकी एकाला केस आणि ओट्यावरचा तेलकट मळ चिकटला होता, आणि भांडं जिथे बसतं त्या काळ्या कपलरच्या दात्यांभोवती रबराची बारीक भुकटी पडली होती. मिक्सर चालवल्याशिवाय ती भुकटी पडत नाही. कुणाच्या तरी ओट्यावर हा मिक्सर नांदून आला होता.

मला खूप वाईट वाटलं. राग नंतर आला. मी ते भांडं ओट्यावर ठेवलंच नाही, खाली वर्तमानपत्रावर ठेवलं.

सासूबाई म्हणाल्या, "गरम पाणी नि सोडा घालून ठेव रात्रभर, जाईल वास. चार दिवसांवर कामं आलीत, कशाला घोळ घालतेस?" त्यांचं म्हणणं कामाच्या दृष्टीने खोटं नव्हतं. पण मी धुतलं नाही. पुण्यात लॉ करणाऱ्या भाचीला फोन केला तर तीही पहिलं वाक्य हेच बोलली, "मावशी, धुवू नकोस. जसं आलंय तसंच ठेव." तिने सांगितल्याप्रमाणे मी उजेडात फोटो काढले. प्रत्येक फोटोत एकीकडे पिवळी कड आणि दुसरीकडे मिक्सरच्या बुडाचा सिरीयल नंबर असलेला स्टिकर, दोन्ही एकाच चौकटीत. खोक्यावरच्या लेबलाचा आणि दुहेरी पट्टीचाही फोटो. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ मी काढला नव्हता. आता प्रत्येक वेळी काढते.

अजून एक गोष्ट तिने करायला लावली, आणि पुढे तिचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. मिक्सर बनवणाऱ्या कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक वॉरंटी कार्डावर छापलेला होता. तिथे फोन करून मी सिरीयल नंबर सांगितला आणि वॉरंटी नोंदवायची आहे म्हटलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, या नंबरची वॉरंटी मार्च महिन्यातच नोंदवलेली आहे." मी तिला तेच वाक्य ईमेलवर लिहून पाठवायला सांगितलं, आणि तिने अर्ध्या तासात पाठवलं. त्या मुलीचे मी मनापासून आभार मानते.

ऑनलाइन दुकानाच्या अ‍ॅपवर मात्र पैसे परत मिळण्याचा पर्यायच नव्हता. सात दिवसांत 'फक्त बदली', आणि कारण निवडायला चारच रकाने : चालत नाही, तुटलेलं आहे, चुकीची वस्तू, भाग कमी. 'वापरलेली, घाण वस्तू आली' असा रकानाच नाही. मी 'चुकीची वस्तू' निवडलं आणि खाली सगळं लिहिलं. चॅटवर आधी यंत्र बोलत होतं, ते फिरून फिरून तेच चार पर्याय दाखवायचं. 'माणसाशी बोलायचं आहे' असं पाचव्यांदा लिहिल्यावर माणूस आला. तो सौजन्याने बोलला, फोटो मागितले, गैरसोयीबद्दल क्षमा मागितली आणि मंगळवारी माणूस येऊन वस्तू घेऊन जाईल असं सांगितलं.

रविवारी सकाळी खोक्यापाशी मुंग्यांची रांग लागली होती. टाकता येत नाही, धुता येत नाही, आणि घरात फराळाचं काम चाललेलं. शेवटी खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गॅलरीत स्टुलावर ठेवलं आणि स्टुलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. दुसऱ्याच्या घरची घाण मी आठवडाभर अशी सांभाळली.

मंगळवारी दुपारी मुलगा आला. खोकं उघडलं, मोबाईलवर एकेक टिक करत गेला. भांडी तीन, झाकणं तीन, वायर आहे, सिरीयल नंबर जुळतो. मग चटणीच्या भांड्यात डोकावला आणि थांबला.

"काकू, हे वापरलेलं आहे. वापरलेलं घेता येत नाही."

"अरे दादा, तेच तर माझं म्हणणं आहे. ते वापरलेलंच आलंय."

"तुमचं खरं असेल, पण अ‍ॅपमध्ये 'वस्तू न वापरलेली आहे का' असं विचारतंय. मी 'नाही' टाकलं की पिकअप रद्द होतं. 'हो' टाकलं तर गोदामात माझ्या पगारातून कापतील."

मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. बाहेर ऊन तापलेलं होतं, त्याला पाणी दिलं आणि तो गेला. पाच मिनिटांत मोबाईलवर संदेश आला : वस्तू वापरलेली आढळल्याने परतीची विनंती नाकारण्यात आली आहे. ज्या कारणासाठी मी वस्तू परत करत होते, तेच कारण देऊन त्यांनी ती नाकारली होती! या दुकानाच्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा दोष मला हाच वाटतो. दारात येणाऱ्या मुलाला तक्रार काय आहे ते दिसतच नाही, त्याच्या हातात फक्त एक यादी असते. आणि त्या यादीत घाण कुणाची, हा प्रश्न नसतो.

त्या रात्री भाचीने मला फोनवर कायदा समजावला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम २(४७). जुनी, वापरलेली किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. त्याच नियमांप्रमाणे प्रत्येक ऑनलाइन दुकानाने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. मी अकरा वर्षं धंदा करते, एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची, नोंदणी आहे, पाकिटावर तारीख छापते. मला लागू असलेले नियम मला पाठ आहेत. माझ्या बाजूने असलेला नियम मात्र मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला.

त्या अधिकाऱ्याचा पत्ता संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडला. रात्री अकरा वाजता मेल लिहिला. चार परिच्छेद, सहा फोटो, कंपनीचं मार्चमधल्या वॉरंटीबद्दलचं ईमेल, कलमाचा क्रमांक, आणि 'मला बदली नको, पैसे परत हवेत' हे एक वाक्य वेगळ्या ओळीवर. सकाळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. मराठीत बोलता आलं. बाईंनी शांतपणे ऐकून तक्रार नोंदवली आणि नोंदणी क्रमांक दिला, तोही मी त्या अधिकाऱ्याला कळवला.

मध्येच एक गोष्ट सांगते, कारण माझ्या शेजारणीचे अशाने पैसे गेले आहेत. दुकानाचा ग्राहक सेवा क्रमांक मी आधी गुगलवर शोधला होता. पहिलाच क्रमांक लावला तर एकजण गोड आवाजात म्हणाला, रिफंड लगेच करतो, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा आणि पिन टाका. मी फोन ठेवून दिला. पैसे आपल्याकडे यायचे असतील तर यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. असा फोन आला आणि पैसे गेलेच तर क्षणभरही न थांबता १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

पोच ४८ तासांच्या आत, गुरुवारी आली. शुक्रवारी एका बाईंचा फोन आला. त्यांनी माझा मेल खरोखर वाचलेला होता, मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं नाही. शनिवारी २८ तारखेला दुसरा मुलगा आला. त्याच्या मोबाईलवर या वेळी वेगळीच सूचना होती : वस्तू आहे त्या स्थितीत घ्यावी. त्याने भांडं पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "मावशी, हे तुम्ही घरात कसं ठेवलंत?" पावती माझ्यासमोर फाडली, सिरीयल नंबर स्वतः वाचून लिहिला. ३ जुलैला ३,४९९ रुपये खात्यात आले, पूर्ण.

चटणीची कामं तोवर थांबणार नव्हती. बुधवारीच मी हरभट रोडवरच्या एका दुकानातून मिक्सर घेतला होता. ३,९०० रुपये पडले, म्हणजे चारशे एक रुपये जास्त. दुकानदारांनी खोकं माझ्यासमोर फोडलं. भांड्यांवरच्या पिशव्या वितळवून बंद केलेल्या होत्या, त्या मलाच फाडायला लावल्या. प्रत्येक भांडं बसवून थोडं पाणी घालून फिरवून दाखवलं, वॉरंटी कार्डावर शिक्का मारला. मी झाकणातलं रबर उचलून वास घेतला, तर ते म्हणाले, "घ्या ताई, निवांत घ्या." त्याला फक्त नव्या रबराचा वास होता. त्या चारशे एक रुपयांचं मला जराही वाईट वाटलेलं नाही. चाळीस पाकिटं ४ जुलैला संध्याकाळी पोचवून झाली.

आता या ऑनलाइन दुकानाबद्दल माझं मत. वस्तू वेळेत येते, पैसे भरणं सोपं आहे, आणि तक्रार वरच्या माणसापर्यंत पोचली की काम होतं. पण तिथपर्यंत पोचायला घरात एक लॉ शिकणारी भाची लागली, आणि प्रत्येकीकडे ती नसते. पाचपैकी दोन तारे देते. एक फोन करणाऱ्या बाईंसाठी, एक दुसऱ्या मुलासाठी. पहिल्या मुलाची चूक मी धरत नाही.

परत आलेल्या वस्तू गोदामात जातात, तिथे कुणीतरी त्या तपासून वेगळ्या करायच्या असतात. खोकं न फोडलेली पुन्हा विक्रीला आणि वापरलेली 'रिफर्बिश्ड' किंवा 'ओपन बॉक्स' असं स्पष्ट लिहून, कमी किमतीत. तसं विकलं तर माझी काहीच हरकत नाही. कुणा शिकणाऱ्या पोराला खोलीवर तो मिक्सर छान चालेल. पण मार्चमध्ये वॉरंटी नोंदवून ज्यांनी तो वापरला, त्यांच्यानंतर कुणीतरी भांडं वरवर पुसलं, दुसरी पट्टी चिकटवली आणि 'नवीन' म्हणून माझ्याकडे पाठवला. हे आपोआप होत नाही, कुणाच्या तरी हाताने होतं.

म्हणून पैसे जमा झाल्याच्या दिवशी मी त्याच अधिकाऱ्याला आणखी एक मेल लिहिला. सिरीयल नंबर पुन्हा कळवला आणि विचारलं की हा मिक्सर आता कुठे आहे, आणि तो पुन्हा नवा म्हणून कुणाच्या घरी जाणार नाही, हे मला लेखी द्याल का. पोच आली, ४८ तासांच्या आतच. उत्तर अजून आलेलं नाही. नंबर माझ्या ऑर्डरच्या वहीत लिहून ठेवला आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी तोच मेल पुन्हा पाठवते.