झेंग हेची खूण बघायला कोलंबो की नानजिंग?

झेंग हे म्हणजे पंधराव्या शतकात सात मोठ्या सागरी सफरी करणारा चिनी दर्यासारंग. भाचा सुट्टीआधी यातच अडकलाय. खर्च आणि धावपळ बघितली तर कोलंबो सोपं. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात झेंग हेने आणलेली १४०९ची शिळा आहे. चिनी मजकुरात दान बुद्धाला, तमिळमध्ये विष्णूला, फारसीत अल्लाला. कुणालाच नाराज करायचं नाही! १९११ला गॉलमध्ये सापडली तेव्हा मोरीवर झाकण म्हणून पडली होती. अक्षरं मात्र झिजलीत.

चीनमधलं नानजिंग महाग, व्हिसाची कटकट वेगळी. पण तिथे जहाजं बांधायच्या गोदीची लांबलचक तळी अजून आहेत. डोंगरावरची त्याची समाधी रिकामी असल्याचं मानतात. गोदीवरचं भव्य जहाज प्रतिकृती आहे, त्याला भुलू नये.

एकच अस्सल वस्तू हवी असेल तर कोलंबो. सात सफरींचा आवाका कळायला नानजिंग, तेही निवांत दोन दिवस असतील तर.