लाँगबोर्डला साइड फिन: साडेतीन इंची की साडेचार?

माझा सर्फिंगचा लांब बोर्ड, म्हणजे लाँगबोर्ड, ९ फूट २ इंची, माझं वजन ७४ किलो, आणि लाटा बहुतेक गोव्यातल्या आश्वे-मांद्र्याच्या. ऑक्टोबर ते मे या दिवसांत कमरेइतकी लाट आली तरी आम्ही खूश. पुढचं सगळं या हिशोबाने वाचा. तुम्ही ९० किलोचे असाल, तर तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

फिन म्हणजे बोर्डाच्या खाली, मागच्या बाजूला बसवलेला पंख: एक मधली, आणि तिच्या दोन बाजूंना साइड फिन्सचा जोड. माझ्याकडे दोन्ही जोड आहेत. लहान ३.५ इंची, सोबत मधली फिन ७ इंची. मोठा ४.५ इंची, सोबत मधली ६ इंची. मोठ्या जोडासोबत मधली मोठीच ठेवून पाहिली आणि पहिल्याच दिवशी काढली. बोर्ड वळायलाच तयार नव्हता.

आधी मोठ्या जोडाचं चांगलं सांगतो, कारण पहिला मी तोच घेतला होता. चेन्नईजवळच्या कोवलमला खांद्याएवढी लाट उजवीकडे फुटत जाते. तिथे लाटेचा कडा उभा झाला की या फिन्स टेलला, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकाला, घट्ट धरून ठेवतात. रेलवर, म्हणजे बोर्डाच्या बाजूच्या कडेवर, भार टाकताना मागून बोर्ड सुटेल अशी धास्ती वाटत नाही. वळणंही नेमकी, शॉर्टबोर्डच्या वळणीची येतात. यात नवल नाही. हा आकार मुळात थ्रस्टरचा, म्हणजे तीन सारख्या फिन्सच्या बोर्डाचा. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८१ साली बेल्स बीचची सर्फिंग स्पर्धा जिंकली ती तीन फिनच्या ज्या बोर्डावर, त्याच घराण्यातला. लाटेत दम असेल तर तो शोभतो.

आमच्या किनाऱ्यावर मात्र एक गोष्ट डोक्यात जायला लागली. इथे लाट बाहेरच्या वाळूच्या दांड्यावर फुटते, मग मधे पाणी खोल होतं तिथे ती बसते, आणि किनाऱ्यालगत पुन्हा उभी राहते. तो मधला वीसेक पावलांचा सपाट पट्टा पार केला तरच दुसरा अर्धा भाग मिळतो. मोठ्या फिन्स लावून मी दर वेळी तिथेच बुडत होतो. पुढे सरकलो, गुडघे वाकवले, श्वाससुद्धा रोखून पाहिला. बोर्ड मंदावतो, लाट पायाखालून निघून जाते, आणि आपण कमरेएवढ्या पाण्यात बोर्ड धरून उभे. हँडब्रेक अर्धवट ओढून गाडी चालवावी तसं.

कारण साधं आहे. साइड फिन्स सरळ बसवलेल्या नसतात. पुढची टोकं किंचित नोजकडे, म्हणजे बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे, आत वळलेली असतात. वळताना आतल्या बाजूची फिन पाण्याला धरते, तोच त्यांचा उपयोग. सरळ धावताना मात्र दोन्ही पाण्याला तिरक्या पडतात आणि ओढ निर्माण करतात. फिन जेवढी मोठी, तेवढी ओढ जास्त. लाटेत जोर असेल तर जाणवत नाही. आमच्या लाटेत तेवढा जोर नसतोच.

लहान जोड लावल्यावर पहिल्याच सकाळी दोनदा किनाऱ्यापर्यंत आलो. मोजमाप काही केलं नाही, त्या दिवशीची लाटही बरी असेल, कबूल. पण त्यानंतरच्या दोन मोसमांतही तसंच होत आलंय. नोजकडे चालत जातानाही बोर्ड गडबडत नाही.

उणेपण नाही असं नाही. कोवलमला एकदा लहान जोडाने टेल घसरली आणि बोर्डाची रेल नडगीवर बसली. मग मधली फिन तिच्या खाचेत (बॉक्समध्ये) दोन बोटं मागे सरकवली, आणि धरण्यातली बरीचशी कसर भरून निघाली. मागे सरकवली की पकड वाढते, पुढे आणली की बोर्ड मोकळा होतो. मोठा जोड विकत घेण्याआधी हे फुकटचं करून बघा.

घेताना नुसती उंची बघू नका. ३.५ इंचीतही बुड रुंद असलेली फिन मोठीसारखी वागते. आणि बदलाबदल टॉवेल अंथरून करा. ते छोटे स्क्रू वाळूत पडले की पडले.

मोठा जोड टाकलेला नाही. कोवलमला निघताना तो बॅगेत असतो. मागच्या खेपेला मात्र बाहेर काढायचं राहूनच गेलं.