सिमवालं स्मार्टवॉच: फोन सुटला, लोक नाही सुटले

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांची सुटका होईल. वस्तू म्हणून चांगली आहे, पाचपैकी चार स्टार द्यायला हरकत नाही. पण जाहिरातीत जे दाखवतात ना, फोन घरी ठेवा आणि मोकळे व्हा, ते अर्धंच खरं आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मला जे म्हणायचंय ते सिम असलेल्या सगळ्याच घड्याळांना लागू होतं आणि नाव घेतलं की कुठलं भारी यावरच भांडण सुरू होतं.

तर हे कुठलं घड्याळ? साधं ब्लूटूथवालं स्मार्टवॉच म्हणजे फोनचाच छोटा स्क्रीन, फोन लांब गेला की त्याचा जीव जातो. यात ईसिम, म्हणजे आतच बसवलेलं सिम असतं, नंबर तोच, फोन वाजला की मनगटही वाजतं आणि फोन घरी असला तरी कॉल लागतो. फोन जवळ असेल तर घड्याळ ब्लूटूथवरच काम भागवतं, नसेल तर ओळखीचं वायफाय शोधतं, तेही नसेल तरच स्वतःचं नेटवर्क पकडतं, कारण नेटवर्क बॅटरी खातं आणि बॅटरी असते साधारण तीनशे ते पाचशे एमएएचची, आपल्या फोनची असते चार-पाच हजारांची. म्हणून बॉक्सवर लिहिलेले तास जरा बारीक अक्षरांसकट वाचा. अ‍ॅपल बरीच वर्षं आपल्या घड्याळाला 18 तास सांगत आली, पण त्यांच्याच टेस्टमध्ये त्यातले 14 तास घड्याळ फोनला जोडलेलं होतं आणि फक्त 4 तास स्वतःच्या नेटवर्कवर. दिवसभर फोन घरी ठेवून फिरायचं म्हणाल तर संध्याकाळपर्यंत घड्याळ मान टाकतं. माझंही टाकतं.

बाकी ही कल्पना काही नवीन नाही बरं का. सॅमसंगनी 1999 मध्येच घड्याळातला फोन काढला होता, एलजीनी 2009 मध्ये व्हिडिओ कॉलवाला काढला, 2014 च्या सॅमसंग गिअर एस मध्ये तर चक्क वेगळं सिम घालायचं म्हणजे नंबरही वेगळा. लोकांनी कौतुकानी बघितलं आणि सोडून दिलं. 2017 मध्ये अ‍ॅपलच्या सिरीज 3 मध्ये ईसिम आलं आणि एकच नंबर दोन्हीकडे वाजायला लागला, तिथून हे खरं चालायला लागलं असं माझं मत.

कॉलचा आवाज अपेक्षेपेक्षा चांगला आहे, पण समोरच्याचं सगळं बोलणं आजूबाजूच्यांना ऐकू जातं, त्यामुळे इअरबड्स नसतील तर घराबाहेर कॉल घेऊच नका. वारा असला की समोरच्याला नुसतं खरखर ऐकू येतं. मेसेजला उत्तर द्यायचं तर एवढ्याशा कीबोर्डवर टाइप करा (शुभेच्छा), नाहीतर बोलून टाइप करा, म्हणजे निम्मं मराठी निम्मं इंग्रजी बोललात की काय उमटेल सांगता येत नाही, नाहीतर मग ते तयार रिप्लाय, ओके, हो, नंतर बोलते. मी तेच वापरत होते. थोड्याच दिवसांत दोन मैत्रिणींनी वेगवेगळं विचारलं, रागावलीयस का गं? एरवी मी चार ओळी आणि सहा इमोजी पाठवणारी बाई, एकदम 'ओके' वर आले तर त्यांना दुसरं काय वाटणार.

आणि इथून माझ्या खऱ्या तक्रारी सुरू होतात, ज्या मशीनबद्दल नाहीतच.

पहिली, मनगटाकडे बघणं. फोन कोणाच्या हातात दिसला तर आपण म्हणू शकतो, अगं ठेव ना तो बाजूला, आणि समोरची व्यक्ती तो उलटा करून टेबलावर ठेवते, म्हणजे तुझ्याकडे लक्ष आहे. मनगट कसं उलटं ठेवणार? वर घड्याळाकडे बघण्याला फार जुना अर्थ आहे, आवरा आता, मला उशीर होतोय. म्हणजे कोणी मन मोकळं करत असताना माझ्या हाताला टकटक झालं, मी अर्धा सेकंद खाली बघितलं, आला होता कुठल्यातरी सेलचा मेसेज, पण समोरच्या माणसाचं वाक्य तिथंच तुटलं. मी काय बघितलं ते त्याला दिसत नाही, फक्त मी बघितलं एवढंच दिसतं. गूगल ग्लास या कॅमेरावाल्या चष्म्याचं 2013 नंतर जे हसं झालं, लोक घालणाऱ्यापासून चार हात लांब राहायला लागले, ते निदान उघड तरी होतं, चेहऱ्यावर कॅमेरा दिसत होता. घड्याळ बिचारं सभ्य दिसतं म्हणून कोणी काही म्हणत नाही, नुसतं बोलणं आखडतं घेतात.

दुसरी तक्रार मोठी आहे. आजवर आपण सगळे काही ठरलेली खोटी कारणं देत आलोय आणि सगळे ती मान्य करत आलेत. फोन आत चार्जिंगला होता. सायलेंटवर राहिला. पर्समध्ये होता, ऐकूच आला नाही. समोरच्यालाही माहीत असतं की निम्म्या वेळा हे खरं नाही, तोही उद्या हेच सांगणार असतो, म्हणून चालून जातं. मनगटावर फोन बांधला की हे सगळं संपतं. "घड्याळ आहे ना तुझ्या हातात?" हे वाक्य मी आईकडून, नवऱ्याकडून आणि ऑफिसमधून, तिन्हीकडून ऐकलंय. पूर्वी आई एक फोन करायची आणि मी संध्याकाळी केला तरी चालायचं. आता दहा मिनिटांत दुसरा, मग मेसेज, मग नवऱ्याला फोन, की ही उचलत का नाही, काही झालं तर नाही ना. म्हणजे मी कधीही सापडू शकते म्हटल्यावर तिची काळजी कमी व्हायला हवी होती ना? उलट वाढली. आधी माझं न उचलणं म्हणजे फोन लांब असेल, आता माझं न उचलणं म्हणजे काहीतरी झालंय.

ऑफिसचं तर विचारूच नका. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून कायदा आहे की पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांनी कामाच्या वेळेनंतरच्या ईमेलबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलून काय ते ठरवायचं, ऑस्ट्रेलियातही ऑगस्ट 2024 पासून कामाच्या वेळेबाहेर उत्तर न देण्याचा हक्क आलाय. छान आहे. पण घरच्या ग्रुपवर कुठला कायदा लावणार?

कुशलेव आणि डन या दोन संशोधकांचा 2015 चा एक प्रयोग आहे. लोकांना एक आठवडा दिवसातून तीनदाच ईमेल बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवं तितक्यांदा, तर तीनदावाल्या आठवड्यात लोकांना ताण कमी जाणवला. घड्याळ बरोब्बर उलटं करतं, एकेक निरोप सुटा सुटा आणून अंगाला लावतं. आणि भास! घड्याळ चार्जरवर असतं आणि रिकाम्या मनगटाला टकटक जाणवते. हे माझं एकटीचं खूळ नाही, 2012 च्या एका अमेरिकन अभ्यासात 89 टक्के कॉलेजच्या मुलांनी फोन वाजला नसताना व्हायब्रेशन जाणवल्याचं सांगितलं होतं, तेही फोन खिशात असायच्या काळात.

लहान मुलांसाठीची सिमवाली घड्याळं घ्यायचा विचार असेल तर जास्त सावध राहा. जर्मनीनी नोव्हेंबर 2017 मध्ये अशा मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली ज्यातून पालक अ‍ॅपवरून गुपचूप आजूबाजूचं ऐकू शकायचे, अगदी वर्गात शिक्षक काय बोलतात तेसुद्धा. त्याआधी नॉर्वेच्या ग्राहक परिषदेनी काही मॉडेल्समध्ये अनोळखी माणूसही घुसू शकतो असं दाखवून दिलं होतं. लोकेशन दिसतं म्हणून आपण निवांत, पण पोराला एक तासभर कोणाला न सापडता खेळायचं असतं हे आपण विसरतो.

मग चार स्टार कशाला? कारण पळायला, चालायला जाताना हे खरंच सुख आहे. एकटं राहणाऱ्या वयस्कर माणसासाठी पडल्यावर आपोआप कॉल लावायची सोय (सगळ्यांत नसते, बघून घ्या) ही एकच गोष्ट पैसे वसूल करते. आणि एवढ्याशा स्क्रीनवर रील्स बघत बसता येत नाही, हा फायदा कंपनी कधी सांगणार नाही.

पण पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जा. घड्याळ फोनची सगळी नोटिफिकेशन्स जशीच्या तशी उचलतं, ती सगळी बंद करा, फक्त कॉल आणि अगदी जवळच्या तिघाचौघांचे मेसेज ठेवा. कोणी बोलायला बसलं की सरळ काढून बॅगेत टाका, तेवढं त्यांना दिसतं आणि बरं वाटतं. मी तर आता सगळ्यांना सांगून टाकलंय की घड्याळ पळताना घालते, एरवी नाही. ते पूर्ण खरं नाही, पण चालून जातंय.

घड्याळाऐवजी छातीला लावायच्या, फोनचं काम करणाऱ्या पिना वगैरे येतात त्यांच्या नादी मात्र लागू नका, ह्युमेन नावाच्या कंपनीचा एआय पिन एप्रिल 2024 मध्ये लोकांच्या हातात आला आणि फेब्रुवारी 2025 अखेरीला कंपनीनी सर्व्हर बंद केले, कॉलसुद्धा लागेना.

घेण्याआधी दोन गोष्टी विचारा, तुमची सिम कंपनी त्या मॉडेलला ईसिम देते का आणि तुमच्या फोनला ते घड्याळ चालतं का, अ‍ॅपलचं घड्याळ अँड्रॉइडला जोडता येत नाही. सोबत येणारा रबरी पट्टा घामानी चिकटतो, कापडी घ्या.