ॲव्हरेज वाढवून देणाऱ्यांची शंभर मिलीची बाटली

मागच्या रविवारी कामठी रोडवरून येताना रस्त्याच्या कडेला तीच निळी छत्री दिसली. तेच घडीचं टेबल, त्यावर ‘पेट्रोल वाचवणाऱ्या’ लाल डब्यांची चळत, आणि पाईप लावलेली प्लास्टिकची बाटली. बॅनरवरचं नाव तेवढं वेगळं होतं, माणूसही वेगळा. मी गाडी थांबवली आणि तिथं उभ्या असलेल्या दोघांना माझी हकीकत सांगितली. एक जण ऐकून निघून गेला. दुसऱ्यानं तरी डबा बसवून घेतलाच, कारण त्याची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत लिटरला चाळीस किलोमीटरवरून पंच्याहत्तरवर गेली होती. त्याला दोष कसा देऊ? जानेवारीत मीही माझ्या डोळ्यांवरच विश्वास ठेवला होता. ती चाचणी कशी खोटी असते, हे कुणीतरी आधी सांगितलेलं असायला हवं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

मी मानेवाड्याला राहतो, नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत. गाडी २०१४ ची स्प्लेंडर, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग असलेली. येऊन-जाऊन ५४ किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १,४०० किलोमीटर झाले. आधी ती साठच्या वर द्यायची. वर्षभरात उतरत उतरत ४७-४८ वर आली. लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याला तीन हजारांच्या वर नुसतं पेट्रोल. साठ देणाऱ्या गाडीला हेच काम चोवीसशेत होतं. सहाशे रुपयांचा फरक माझ्या घरात कळतो. तेवढ्यात मुलीची महिन्याची ऑटो भागते.

मानेवाडा-बेसा रस्त्यावर त्या दिवशी थांबलो तो यामुळेच. पोरगा गोड बोलणारा होता. "भाऊ, गाडी किती देऊन राह्यली?" मी म्हटलं, पंचेचाळीस-पन्नास. "मंग पैसे नंतर द्या ना भाऊ. आधी तुमच्याच गाडीवर टेस्ट करून दाखवतो. फरक नाही पडला तर एक रुपया देऊ नका."

त्यानं पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटरची पाईप काढली, खालचा छोटा स्क्रू सैल करून "कचरा काढतो" म्हणत आतलं पेट्रोल सांडून दिलं. मग शंभर मिलीची बाटली हँडलला टांगून तिची पाईप जोडली. चाकाजवळ बसून मिनिटभर टायर पाहिल्यासारखं केलं. मीटरचा आकडा माझ्याच मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लावला. गाडी तो चालवत होता, मी मागे बसलो होतो. बाटली रिकामी होताच तो थांबला. "पाहा भाऊ, ४.१. म्हणजे एक्केचाळीस."

मग डबा बसला. आगपेटीएवढा, एका बाजूला निळा दिवा, पेट्रोलच्या पाईपवर दोन पट्ट्यांनी आवळलेला. पेट्रोलचे कण चुंबकानं फुटतात, पूर्ण जळतात, आता वाया जातं ते पेट्रोल वाचतं, असं त्यानं समजावलं. "सेटिंग करून देतो" म्हणत कार्बोरेटर खोलला आणि परत लावला. दुसरी चाचणी मी एकट्यानं करायची होती. अट एकच, चाळीसच्या वर जायचं नाही आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं नाही. मीटरवर ७.८ आले. मी मनातल्या मनात हिशेब केला, महिन्याला बाराशे वाचतील, दोन-सव्वादोन महिन्यांत डब्याचे पैसे वसूल. २,६०० रुपये तिथंच क्यूआर स्कॅन करून दिले. साध्या कागदावर शिक्का मारलेली पावती मिळाली. तिच्यावर जीएसटी नंबर नव्हता, पत्ता नव्हता. तीस दिवसांत पैसे परत, असं मात्र ठळक छापलेलं होतं. डब्यावर "आयएसओ सर्टिफाइड" लिहिलेलं पाहून मला बरं वाटलं होतं. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, हे मला नंतर कळलं.

निघताना तो म्हणाला, "दोस्तांले पाठवा भाऊ, एका मागे दोनशे तुमचे." मी तिघांना पाठवलं. सहाशे रुपये घेतले. यातलं मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

पहिला महिना खरंच चांगला गेला, आणि खरी गोम तिथंच आहे. पाचशेचं पेट्रोल चार दिवस पुरायचं, ते पाच दिवस पुरू लागलं. अठ्ठ्याहत्तर नव्हतेच, पण फरक होता, त्यामुळे तीस दिवसांची मुदत मी समाधानानं घालवली. गाडीचा पिकअप कमी झालेला जाणवत होता. वर्धा रोडवर ट्रकला ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर पिळला तरी ती ओढायची नाही. ॲक्सिलरेटर सोडून उतारावर आलं की सायलेन्सरमधून फट-फट आवाज. मार्चमध्ये पायाला इंजिनचा चटका बसू लागला. मी म्हटलं, ऊन वाढलं आहे. एप्रिलअखेरीस पारा ४४ वर गेला आणि इंजिनमधून टकटक ऐकू येऊ लागली. एका दुपारी खापरीच्या पुलाआधी गाडी बंद पडली ती किक मारून मारून सुरू होईना. ढकलत सावलीला नेली, थंड झाल्यावर कशीबशी चालू झाली.

तुकडोजी पुतळ्याकडे आमचे एक जुने मिस्त्री आहेत. वर्षभर त्यांच्याकडे गेलो नव्हतो, हीही माझीच चूक. त्यांनी आधी प्लग काढला. निरोगी गाडीच्या प्लगचं टोक बिस्किटासारखं तपकिरी असतं. माझं खडूसारखं पांढरं होतं. मग कार्बोरेटर खोलला, मेन जेट, म्हणजे ज्याच्या छिद्रातून मोजून पेट्रोल जातं तो छोटा भाग, काढून उजेडासमोर धरला आणि माझ्या हातात दिला. "भाऊ, पाहा. तार कोनं टाकली हे? गाडीले उपाशी ठेवून चालवलं तुमी."

जेटच्या बारीक छिद्रात वायरमधली तांब्याची एक तार वाकवून अडकवली होती. सगळी "सेटिंग" एवढीच. छिद्र अर्धं बुजलं, इंजिनला पेट्रोल कमी जाऊ लागलं. पेट्रोल नीट जळायला वजनानं त्याच्या साधारण १४.७ पट हवा लागते. मिश्रण थोडं कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं केलं तर ॲव्हरेज वाढतं, पण ते हळू जळतं, इंजिन तापतं आणि ताकद जाते. आत येणारं पेट्रोल वाफ होताना थोडी उष्णता शोषून घेतं, ती मदतही कमी होते. आमच्या गाड्या हवेवर थंड होणाऱ्या, आणि हवा नागपूरची, मे महिन्यातली. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण आधीच थोडं कोरडं झालेलं असतं. त्यावर ही तार. माझा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप, कडेनं जळला होता. इंजिनचं हेड उतरवून व्हॉल्व्ह, त्याची बैठक, गॅस्केट आणि मजुरी मिळून ३,८०० रुपये झाले.

चाचणीचं कोडं मिस्त्रींनीच सोडवलं. कार्बोरेटरच्या तळाशी वाटी असते, तिच्यात पंधरा-वीस मिली पेट्रोल भरलेलं असतं. पहिल्या वेळी त्यानं ती वाटी रिकामी करून घेतली होती. म्हणजे शंभरातले वीस मिली वाटी भरण्यातच गेले, आणि बाटली संपताच त्यानं मोजणी थांबवली. गाडीनं प्रत्यक्षात जाळलं ऐंशी मिली. दुसऱ्या वेळी वाटी भरलेली होती आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं होतं, म्हणजे जाळलं एकशे वीस. दोन्ही वेळा हिशेबात धरले शंभर. गाडीत काहीही न बदलता केवळ एवढ्यावर आकडा दीडपट होतो. शिवाय पहिल्या वेळी इंजिन थंड, गाडीवर दोघं. "टायर पाहतो" म्हणत तो बसला होता मागच्या चाकाशी, जिथं ब्रेक रॉडचं नट असतं. ते दोन आटे आवळलं की चाक घासत फिरतं. दुसऱ्या वेळी नट सैल, इंजिन गरम, मी एकटा, वेग चाळीसच्या आत. बाटलीची चाचणी मिस्त्री लोकही करतात, ती खोटी नाही. करायचीच तर दोन्ही वेळा इंजिन गरम असावं, वाटी सारखी भरलेली असावी, माणूस तोच, वेग तोच आणि थांबायचा नियम तोच.

डबा मी घरी पान्यानं फोडला. आत जुन्या स्पीकरमधून काढल्यासारखे वाटणारे दोन चुंबकाचे तुकडे, बटण सेल, निळा दिवा आणि घट्ट झालेला डिंक. पेट्रोलवर चुंबकाचा असा काही परिणाम होत नाही. ठीकठाक इंजिनमध्ये पेट्रोल जवळजवळ सगळंच जळतं, मग न जळलेलं वाचवून ॲव्हरेज दुप्पट कसं होणार? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं इंधन वाचवणारी म्हणवली जाणारी शंभराहून जास्त साधनं तपासली आहेत. लक्षात येण्याजोगा फायदा देणारं त्यांत एकही निघालं नाही.

मी पाठवलेल्या तिघांपैकी एकाची गाडी नवी, बीएस-६, फ्युएल इंजेक्शनची. तिला जेट नाही, म्हणून छत्रीवाल्यांनी सेन्सरच्या वायरमध्ये काहीतरी जोडलं. मीटरवर इंजिनचा दिवा पेटला आणि त्यानं वेळीच ते काढून टाकलं. दुसऱ्याची तार माझ्या मिस्त्रींनी काढली, तो नुकसानीतून वाचला. तिसरा आमच्या पॅकिंगमधला पोरगा. दिवसा कंपनी, संध्याकाळी जेवणाचे पार्सल पोचवायचा. गाडी सेकंड हँड, हप्त्यावर घेतलेली. मेमध्ये चिंचभवनपाशी त्याचं पिस्टन जाम झालं आणि मागचं चाक धावत्या गाडीवर अडकलं. मागे काही नव्हतं, म्हणून गुडघ्यावर निभावलं. ब्लॉक-पिस्टनचा खर्च ५,८०० रुपये. तो मला एक शब्द बोलला नाही. त्याच्या आईनं मात्र विचारलं, "दादा, तुमीच सांगतलं होतं ना?"

छत्री फेब्रुवारीअखेरीसच गायब झाली होती. पावतीवरचा नंबर बंद. क्यूआरवरचं नाव बॅनरवरच्या नावाशी जुळत नव्हतं, ते मी पैसे देताना पाहिलंच नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली. समोरच्याचा पत्ताच नसल्यामुळे ती पुढे सरकलेली नाही. तुमच्याकडे पत्ता असेल तर ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं. पावती, यूपीआयचा व्यवहार, मीटरचे फोटो आणि काढलेला जेट जपून ठेवा. मी माझा जेट तारेसकट पिशवीत ठेवला आहे. कामठी रोडवरच्या छत्रीचे फोटोही आता त्यात जोडणार आहे.

राहता राहिली गाडी. माझं ॲव्हरेज का उतरलं होतं, ते मिस्त्रींना शोधायला अर्धा तास पुरला. एअर फिल्टर धुळीनं भरलेला, चेन कोरडी आणि जास्त ताणलेली, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बिघडलेले, मागच्या टायरमध्ये हवा कमी, क्लच थोडा घसरत होता. इथेनॉलचाही वाटा आहे. त्याच्यात पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी उतरेल असं म्हटलं होतं. पण माझी गाडी वीस टक्क्यांनी उतरली होती, म्हणजे उरलेलं दुर्लक्ष माझं. नवा फिल्टर, नवा प्लग, कंपनीचा जेट, टॅपेट सेटिंग, क्लचची केबल, सगळं मिळून ९०० रुपये. आता मी टाकी फुल करून मीटर लिहितो, तीनशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर परत फुल करतो आणि लिटरनं भागतो. गेल्या तीन वेळचे आकडे ५८, ५९ आणि ५८. हवा दर सोमवारी, गाडी थंड असताना, चेनजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच.

ते सहाशे रुपये मी पॅकिंगमधल्या त्या पोराला दिले, वर निम्मा खर्च उचलला. ब्लॉक बोअर होऊन आला आहे. शनिवारी मिस्त्री इंजिन भरणार आहेत, पहिले पाचशे किलोमीटर गाडी सांभाळून चालवायला सांगितलं आहे. तोवर मी त्याला बुटीबोरीला माझ्या मागे बसवून नेतो.